सर्वांत स्वस्त बाटली कितीला मिळते, हा खरा प्रश्न

केज तालुक्यातील एका महिला बचत गटाच्या अध्यक्ष ताईंनी विचारले आहे: "जून २०२५ मध्ये सरकारने दारूवरचे शुल्क वाढवले आणि देशीची क्वार्टर ऐंशी रुपयांवर गेली. आमच्या गावातले पिणारे मात्र पीतच आहेत. पूर्वी घरातून साठ-सत्तर रुपये जात होते, आता ऐंशी-शंभर जातात, एवढाच फरक पडला. मग कर वाढवला की दारू कमी होते, असे म्हणणे म्हणजे तिजोरी भरण्याचे निमित्त नाही का? त्यापेक्षा सरळ बंदी का नको?"

ताई, राज्य उत्पादन शुल्क विभागातील माझ्या नोकरीचा बहुतेक काळ मराठवाड्यात, त्यातही नांदेड आणि लातूरच्या सीमेवरच्या तालुक्यांत गेला. त्यामुळे आपला राग मला समजतो, परंतु आपण काढलेला निष्कर्ष मला अर्धाच मान्य आहे. भाव वाढला की खप कमी होतो, हे खरे आहे. मात्र तो सर्वांचा सारखा कमी होत नाही, लगेच डोळ्यांत भरत नाही आणि बाजारातली सर्वांत स्वस्त बाटली जागची हलली नाही तर फारसा होतच नाही. कर किती टक्के वाढला, हा वर्तमानपत्राचा मथळा असतो. दिवसाच्या मजुरीत किती दारू येते, हा त्यामागचा खरा हिशेब असतो. आपल्या भागात हा हिशेब बिघडवणाऱ्या गोष्टी तीन आहेत: गावागावांत उधारीवर चालणारी विनापरवाना विक्री, हातभट्टी व शिंदी, आणि शेजारच्या राज्यांची सीमा.

आधी "पिणारे पीतच आहेत" या निरीक्षणाविषयी. जगभरातील शंभरहून अधिक अभ्यास एकत्र करून २००९ मध्ये जो ताळा मांडला गेला, त्यानुसार दारूचा भाव १० टक्क्यांनी वाढला तर एकूण खप साधारण ५ टक्क्यांनी घटतो. अति पिणाऱ्यांमध्ये मात्र ही घट ३ टक्क्यांच्या आसपास राहते. हे अभ्यास मुख्यतः श्रीमंत देशांतले आहेत, तेव्हा तोच आकडा बीड किंवा हिंगोलीला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण दिशा तीच राहते. आपण ज्यांना रोज पाहता ते बहुधा व्यसनाच्या पलीकडे गेलेले लोक आहेत. त्यांना सकाळी हात थरथरू नयेत म्हणून दारू लागते, आणि त्यासाठी ते भाव न विचारता पैसे मोजतात, घरातले भांडे विकतात किंवा उसनवारी करतात. भावाचा परिणाम होतो तो आठवडी बाजाराच्या दिवशी दोस्तांबरोबर बसणाऱ्या, १८० मिलीच्या क्वार्टरऐवजी ९० मिलीची नाइन्टी घेऊन उठणाऱ्या किंवा "आज नको" म्हणून घरी जाणाऱ्या बाविशी-पंचविशीतल्या पोरावर. तो आपल्या नजरेत भरत नाही, कारण तो गोंधळ घालत नाही. कराचे मोठे काम हे आहे की, आजच्या त्या पोराचा दहा वर्षांनंतरचा रोज पिणारा माणूस होऊ नये. जागतिक आरोग्य संघटना दारूवरच्या कराला सर्वांत कमी खर्चाच्या आणि सर्वांत परिणामकारक उपायांत गणते ते याच अर्थाने, आणि त्याच्या जोडीला ती विक्रीवरचे निर्बंध व जाहिरातबंदी हे दोन उपायही सांगते, हे विसरू नये.

आता आपल्या राज्यात कर बसतो कसा, ते पाहू. दारू वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे. माणसाने प्यायच्या मद्यावर उत्पादन शुल्क बसवण्याचा अधिकार राज्यघटनेने राज्यांना दिलेला आहे. महाराष्ट्रात देशी दारूवर शुल्क बसते ते प्रूफ लिटरवर, म्हणजे बाटलीतल्या द्रवावर नव्हे तर त्यातील मद्यार्काच्या प्रमाणावर, ५७.१ टक्के मद्यार्क असलेले एक लिटर म्हणजे एक प्रूफ लिटर. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावर मात्र शुल्क बसते ते कारखानदाराने जाहीर केलेल्या निर्मिती मूल्याच्या पटीत. जून २०२५ च्या निर्णयाने देशीचे शुल्क प्रूफ लिटरला १८० रुपयांवरून २०५ रुपये झाले. विदेशी मद्यात लिटरमागे २६० रुपयांपर्यंत निर्मिती मूल्य असलेल्या मालावर तिपटीऐवजी साडेचार पट आकारणी आली. आणि धान्यापासून बनवलेल्या "महाराष्ट्र मेड लिकर" या नव्या प्रकाराला जागा करून दिली गेली. त्याचबरोबर १८० मिलीच्या बाटलीची किमान किरकोळ किंमत ठरली: देशी ८० रुपये, महाराष्ट्र मेड लिकर १४८, विदेशी मद्य २०५ आणि उच्च प्रतीचे विदेशी मद्य ३६०. बियर आणि वाइन यांना या वाढीतून वगळले होते. यातून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपयांचा वाढीव महसूल अपेक्षित असल्याचे सांगण्यात आले.

येथे एक साधा गुणाकार करून पाहण्यासारखा आहे. बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण ४२.८ टक्के छापलेले असेल, तर १८० मिलीत ०.१३५ प्रूफ लिटर भरते. त्यावर २५ रुपयांची वाढ म्हणजे क्वार्टरमागे सुमारे तीन रुपये चाळीस पैसे. आपल्या गावात देशी साठ-सत्तरवरून ऐंशीवर गेली, त्यातले शुल्कवाढीमुळे वाढले ते हे साडेतीन रुपयेसुद्धा नव्हेत. बाकीची वाढ मुख्यतः किमान किंमतीच्या बंधनाने घडवली. म्हणजे आपण ज्याला कर म्हणता, ते या बाबतीत बहुतांशी किंमत-नियंत्रण आहे. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण करातून येणारा पैसा तिजोरीत जातो, तर नुसत्या किमान किंमतीमुळे वाढलेला पैसा शुल्काच्या मार्गाने परत घेतला नाही तर कारखानदार, ठोक विक्रेता आणि दुकानदार यांच्यात वाटला जातो. दारू महाग करायची आणि त्याचा लाभ दारू विकणाऱ्यालाच द्यायचा, हे मला कधीच पटलेले नाही. किमान किंमत वाढली की तिच्या मागोमाग प्रूफ लिटरचे शुल्कही त्याच मानाने वाढले पाहिजे.

आता हाच हिशेब मद्यार्काच्या अंगाने मांडू. त्या १८० मिलीत शुद्ध मद्यार्क सुमारे ६० ग्रॅम, म्हणजे १० ग्रॅमच्या मापाने सहा मापे. देशीत एक माप पडते सुमारे १३ रुपयांना, महाराष्ट्र मेड लिकरमध्ये २४ ते २५ रुपयांना आणि साध्या विदेशी मद्यात ३४ रुपयांना. यकृताला लेबल वाचता येत नाही. त्याच्या लेखी तिन्ही बाटल्या सारख्याच. तेव्हा विदेशी मद्य महाग केल्यावर त्याचा खप घटला, असे आकडे कोणी दाखवले तर लगेच आनंद मानू नये. काल सव्वाशे रुपयांची विदेशी क्वार्टर घेणारा माणूस आज दोनशे पाच न देता १४८ च्या बाटलीकडे किंवा थेट ऐंशीच्या देशीकडे वळला असेल, तर त्याच्या पोटात गेलेली दारू तेवढीच राहिली. दुकानाच्या नोंदवहीत हे उतरणे स्पष्ट दिसते: एका रकान्यात पेट्या कमी होतात आणि दुसऱ्यात वाढतात. म्हणून कोणत्याही करवाढीचा परिणाम मोजायचा असेल तर देशी, विदेशी, बियर असे वेगवेगळे न बघता सगळ्याचा मद्यार्क एकत्र मोजला पाहिजे. निर्मिती मूल्याच्या पटीत शुल्क आकारण्याचा आणखी एक दोष म्हणजे, मूल्य जितके कमी जाहीर करावे तितके शुल्क कमी, त्यामुळे स्वस्त आणि जहाल माल बनवण्याला उत्तेजन मिळते. सर्व प्रकारच्या दारूला मद्यार्काच्या प्रमाणावर एकच पायाभूत शुल्क आणि त्यावर चैनीच्या मालाला वेगळा अधिभार, अशी रचना मला अधिक सरळ वाटते. नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचे शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले गेले तेव्हा बरीच ओरड झाली होती. महसुलाच्या दृष्टीने त्यात काही तर्क असेलही. पण ऊसतोड मजुराच्या किंवा हमालाच्या आरोग्याशी स्कॉचच्या भावाचा संबंध नाही. तेथे प्रश्न असतो तो देशीच्या भावाचा.

आणि भाव एकदा वाढवून भागत नाही. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०१४-१५ मध्ये दिवसाला १६८ रुपये होती. २०२५-२६ मध्ये ती ३१२ रुपये झाली. मजुरी वाढावीच, परंतु या काळात ज्या बाटलीचा भाव स्थिर राहिला ती बाटली प्रत्यक्षात स्वस्त झाली. त्या हिशेबाने ऐंशीची देशी म्हणजे दिवसाच्या मजुरीचा चौथा हिस्सा. पुढची पाच-सहा वर्षे हा आकडा असाच पडून राहिला, तर २०२५ च्या वाढीतले आरोग्याचे मोल संपेल आणि उरेल ती फक्त तिची आठवण. दरवर्षी १ एप्रिलला मजुरीचे दर बदलतात, त्यांच्याबरोबर किमान किंमत आपोआप वाढावी, अशी तरतूद नियमातच असली पाहिजे. नाहीतर ती दर निवडणुकीआधी लांबणीवर पडते आणि पुढे तिजोरीला निकड लागली की एकदम मोठा दणका बसतो. अशा दणक्याने काय होते, ते पुढे सांगतो.

नुसत्या किमान किंमतीचा सर्वांत नीट अभ्यासलेला प्रयोग स्कॉटलंडचा आहे. तेथे २०१२ मध्ये कायदा झाला, मद्य उद्योगाने तो न्यायालयात अडकवून ठेवला आणि अखेर १ मे २०१८ पासून मद्यार्काच्या प्रत्येक मापाला (तेथील माप ८ ग्रॅमचे) किमान ५० पेन्स असा दर लागू झाला. त्या देशाच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०२३ मध्ये मांडलेल्या मूल्यमापनानुसार, दारूची विक्री सुमारे ३ टक्क्यांनी घटली आणि केवळ दारूमुळे होणारे मृत्यू, एरवी जितके झाले असते त्याच्या मानाने, १३.४ टक्क्यांनी कमी झाले; त्यातही पुरुषांत आणि गरीब वस्त्यांत फरक जास्त पडला. विक्रीतली घट लहान आणि मृत्यूतली मोठी, याचे कारण किमान किंमत नेमक्या स्वस्त आणि जहाल मालावर बसते. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी तो दर ६५ पेन्सवर नेला, कारण मधल्या महागाईने ५० पेन्सची धार बोथट झाली होती. परंतु त्याच मूल्यमापनात आपल्या तक्रारीशी जुळणारी नोंदही आहे: व्यसनाधीन माणसांनी दारू फारशी कमी केली नाही, आणि त्यांच्यातील काहींनी जेवणाखाण्यावरचा खर्च कमी केला. गावात ऐंशी-शंभर रुपये जातात आणि घरातले दूध बंद होते, असे जे आपण पाहता, ते तेथेही दिसले. त्यावरचा उपाय दारू स्वस्त ठेवणे हा नसून त्या माणसाला उपचार देणे हा आहे.

आता मराठवाड्याची खरी अडचण. आपल्या बहुतेक गावांत परवानाधारक दुकानच नाही. देशी दारूच्या किरकोळ विक्रीचा परवाना, ज्याला कार्यालयात सीएल-तीन म्हणतात, तो तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावी असतो. तेथून सकाळी मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना गोण्या बांधून पेट्या निघतात आणि वाटेवरच्या ढाब्यांवर, पानटपऱ्यांवर आणि गावातल्या दोन-तीन ठरलेल्या घरांत उतरतात. अशा ठिकाणी छापील किंमतीवर वीस-तीस रुपये चढवलेले असतात. म्हणजे सरकारने किमान किंमत ऐंशी ठरवण्याच्या आधीही अशा कित्येक गावांत ती बाटली ऐंशी-नव्वदला विकली जातच होती. तरीही खप होता, कारण तेथे दोन सोयी मिळतात: दारू घरापासून पन्नास पावलांवर असते, आणि पैसे आज द्यावे लागत नाहीत.

ही उधारी समजून घेतल्याशिवाय ग्रामीण भागातल्या दारूच्या भावाविषयी बोलण्यात अर्थ नाही. छापा टाकल्यावर बाटल्यांबरोबर पुष्कळदा एक मळकी शंभर पानी वही हाती लागते. त्यात नावे पुरती नसतात. "मास्तरचा थोरला", "वरच्या आळीचा", "पाटलाचा सालगडी" अशा खुणा असतात आणि पुढे उभ्या रेघांचे गठ्ठे. महिन्याचे शे-दीडशे रुपये जास्त लावलेले असतात, पण त्यावर कोणी भांडत नाही. हिशेब चुकता होतो तो सोयाबीन निघाल्यावर, पोत्यातल्या मापाने, आणि तेव्हा धान्याचा भाव विक्रेता ठरवतो. बीड, जालना आणि धाराशिवच्या ऊसतोडीच्या पट्ट्यात तो चुकता होतो दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल आल्यावर. उचल कोयत्याची, म्हणजे नवरा-बायको दोघांच्या श्रमाची असते. वहीतली रेघ मात्र एकट्याची. अशा माणसाला दुकानातली बाटली दहा रुपयांनी महाग झाली, हे कळतही नाही. भावाचा धाक बसायला पैसे रोख मोजावे लागतात, आणि जोपर्यंत गावातली ही दुय्यम विक्री चालू आहे तोपर्यंत मुंबईत ठरवलेला कोणताही दर आपल्या वेशीपर्यंत येताना निम्मा निष्प्रभ होतो. म्हणूनच माझ्या मते मराठवाड्यात किमान किंमतीइतकाच मोठा उपाय म्हणजे दुकानातून पेट्यांनी बाहेर जाणारा माल अडवणे. ते अशक्य नाही. पेटीवर आणि बाटलीवर बॅच क्रमांक असतो, माल कोणत्या दुकानाला गेला ते वाहतूक पासावर नोंदलेले असते. गावात पकडलेल्या बाटलीवरून दुकानापर्यंत माग काढता येतो. अडचण तंत्राची नसते. विनापरवाना विकणाऱ्यावर गुन्हा नोंदवून, त्याला जामिनावर सोडून प्रकरण तेथेच मिटवण्याची सवय लागलेली असते, आणि ज्या दुकानातून माल निघाला त्याच्या परवान्यापर्यंत कारवाई क्वचितच पोहोचते.

हातभट्टीविषयी एक गैरसमज सर्वत्र आहे की, कर वाढवला की लोक लगेच हातभट्टीकडे वळतात, म्हणून कर वाढवूच नये. मद्य उद्योगाला हा युक्तिवाद फार आवडतो. हातभट्टीचा धोका खरा आहे. काळा गूळ आणि नवसागर घालून जमिनीत पुरलेल्या पिंपात सडवलेले रसायन, ओढ्याकाठी लावलेली भट्टी आणि रबरी ट्यूबमध्ये भरून वस्तीपर्यंत पोहोचवलेला माल हा आजही आपल्या भागातला नित्याचा व्यवहार आहे. पण हातभट्टी चालते ती प्रामुख्याने तिला अभय असल्यामुळे. देशीचा भाव वर्षानुवर्षे स्थिर होता तेव्हाही ती जोरात होती. भाव हळूहळू वाढला आणि त्याबरोबर गूळ-नवसागराच्या ठोक खरेदीवर लक्ष राहिले, सराईत भट्टीवाल्यांवर १९८१ च्या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली प्रस्ताव गेले, तर ती आटोक्यात राहते. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे मेली ती मिथेनॉल या औद्योगिक विषाने. तेथे मूळ प्रश्न कारखान्यांसाठी असलेले रसायन दारू म्हणून विकले जाण्याचा होता. सीमेवरच्या तालुक्यांत शिंदीचा प्रश्न वेगळा आहे. झाडाची शिंदी मोजकी आणि मागणी जास्त, म्हणून पाण्यात क्लोरल हायड्रेट मिसळून ती "वाढवली" जाते. ते झोपेचे औषध आहे, आणि ते घेणाऱ्याला देशीच्या भावाशी काही देणेघेणे उरत नाही. तेथे कर नव्हे, फौजदारी कारवाई आणि उपचार हेच मार्ग आहेत.

राहिली सीमा. देगलूर, बिलोली, धर्माबाद आणि किनवट तेलंगणाला लागून आहेत. उदगीर, निलंगा आणि उमरगा कर्नाटकाला. दोन राज्यांच्या भावांत मोठी तफावत पडली की पेट्या कोणत्या दिशेने जाणार, हे पाटीच्या कोणत्या बाजूला माल स्वस्त आहे यावर ठरते. गोवा बनावटीची दारू सोलापूरच्या वाटेने आपल्याकडे येते ती याच न्यायाने. आंध्र प्रदेशाने मे २०२० मध्ये आधी २५ आणि लगेच आणखी ५० टक्के, अशी एकूण ७५ टक्के भाववाढ केली, तेव्हा शेजारच्या राज्यांतून चोरटी दारू शिरू लागली आणि त्याच वर्षी दर खाली आणावे लागले. ऑक्टोबर २०२४ च्या नव्या धोरणात तर तेथे ९९ रुपयांची क्वार्टर सरकारने स्वतःहून बाजारात आणली, म्हणजे भाव वाढवण्याच्या प्रयोगाचे चक्र उलटे फिरले. एकदम मोठा दणका देऊ नये, असे मी वर म्हटले ते यासाठी. दरवर्षी थोडी पण नेमाने वाढ करावी, आणि महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगणा यांनी निदान सर्वांत स्वस्त बाटलीच्या मद्यार्कामागील दराबाबत आपसांत समझोता करावा. सीमेवरच्या तपासणी नाक्यांवर माणसे वाढवण्यापेक्षा तो कमी खर्चाचा ठरेल.

बंदीचा प्रश्न आपण कळकळीने विचारला आहे, आणि त्याचे उत्तर मी थट्टेवारी नेणार नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्ये दारूबंदीचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य म्हटले आहे, आणि आपल्या राज्यातला मूळ कायदाही १९४९ चा दारूबंदी कायदाच आहे. विक्रीला मिळतात त्या त्यातून दिलेल्या सवलती. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून संपूर्ण बंदी आहे. तेथे नियमित पिणारे आणि घरातली मारहाण कमी झाल्याचे अभ्यासांत दिसले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, दारू पितो असे सांगणाऱ्या पंधरा वर्षांवरील पुरुषांचे प्रमाण बिहारमध्ये १५.५ टक्के आणि दारू उघडपणे विकणाऱ्या महाराष्ट्रात १३.९ टक्के निघाले; आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्या राज्याच्या सारण जिल्ह्यात विषारी दारूने अनेकांचे बळी घेतले. आपल्या चंद्रपुरातली बंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातल्या स्त्रियांनी १९९२ च्या सुमारास उभ्या केलेल्या आंदोलनाने आधी सरकारी अर्क, म्हणजे तेथली देशी दारू, बंद पाडला आणि १९९५ मध्ये पूर्ण बंदी आणवली, पण १९९७ मध्ये ती महसुलाच्या गरजेपुढे टिकली नाही. या सगळ्यांतून मला दिसते ते असे की, ज्या गावात स्त्रिया स्वतः पहारा देतात तेथे गावापुरती बंदी चांगली चालते. राज्यभराची बंदी मात्र आमच्यासारख्या खात्याच्या भरवशावर चालवायची असते, आणि त्या खात्याची कुवत मला आतून माहीत आहे.

महसुलाचा आणि दारूचा हा पेच आपल्या भागाला नवा नाही. निजामाच्या राज्यात अबकारी हे उत्पन्नाचे मोठे साधन होते, आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामात सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडली ती त्या उत्पन्नावर घाव घालण्यासाठी. आज छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात बियर आणि मद्याचे मोठे कारखाने आहेत. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला त्यांच्या पाण्यात आधी ५० आणि नंतर ६० टक्के कपात करायला लावावी लागली होती. ज्या खात्याला वर्षाच्या सुरुवातीला महसुलाचे उद्दिष्ट दिले जाते आणि मार्चअखेर त्याचा जाब विचारला जातो, त्याच खात्याने खप कमी करावा, ही अपेक्षा विसंगत आहे. आपण म्हणता तसे ते तिजोरी भरण्याचे निमित्त ठरू नये, यासाठी एकच मार्ग मला प्रामाणिक वाटतो: वाढीव महसुलातील ठरावीक हिस्सा कायद्याने बाजूला काढून व्यसनमुक्तीसाठी राखणे. थायलंडमध्ये २००१ पासून दारू व तंबाखूच्या शुल्कावर २ टक्के अधिभार बसवून तो आरोग्य संवर्धनाच्या स्वतंत्र निधीला थेट दिला जातो. आपल्याकडे १४,००० कोटींच्या अपेक्षित वाढीतले २ टक्के म्हणजे २८० कोटी. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात दारू सोडवण्यासाठी चार-सहा खाटा आणि एक प्रशिक्षित डॉक्टर ठेवायला त्याचा छोटा हिस्साही पुरेल.

आणि हे उपचार दानधर्म म्हणून नव्हे, तर भाववाढीची अट म्हणून हवेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस माणसांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळतो. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर त्याला झटके येतात, भ्रम होतो, कधी जीवही जातो. आणि मिळेल ते पिण्याची पाळी येते. करोनाच्या निर्बंधांत, एप्रिल २०२१ मध्ये, आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात वणी येथे सॅनिटायझर पिऊन माणसे दगावली होती. म्हणून ताई, गावात विक्री बंद पाडण्याआधी गटातल्या बायकांनी रोज सकाळी पिणाऱ्यांची यादी करावी आणि त्यांना आधी अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात दाखवावे. दारू घरीच एकदम बंद करायला लावू नये.

पेट्यांच्या मोटारसायकलींबाबत तक्रार करायची असेल तर ती तोंडी करू नये. बाटलीवरचा बॅच क्रमांक आणि बनवल्याचा महिना स्पष्ट दिसेल असे छायाचित्र, तारीख आणि जागा यांसह लेखी अर्ज अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क, बीड यांच्याकडे द्यावा, त्याची प्रत पोलीस ठाण्याच्या प्रभारींना द्यावी आणि दोन्हींची पोच घ्यावी. अर्जात "गावात दारू विकली जाते" एवढेच न लिहिता "या बॅचचा माल कोणत्या परवानाधारकाने उचलला, याची चौकशी व्हावी" असे स्पष्ट लिहावे. त्या एका वाक्याने फाइलचा रस्ता बदलतो.

आणि आपल्या बाजारगावातले परवानाधारक दुकानच बंद करायचे असेल, तर २००८ च्या आदेशातील मतदानाचा मार्ग, म्हणजे ज्याला सगळे उभी बाटली-आडवी बाटली म्हणतात तो, खुला आहे. किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज गेला की पडताळणी होऊन मतदान घेतले जाते. मात्र आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याला, मते हवीत ती यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक, झालेल्या मतदानाच्या नव्हे. म्हणजे जी बाई त्या दिवशी मतदानाला आली नाही, तिचे मत जणू दुकानाच्या बाजूने पडते. केज, धारूर, वडवणीसारख्या तालुक्यांत हीच गोष्ट निर्णायक ठरते, कारण साखर कारखाने सुरू झाले की यादीतल्या कितीतरी बायका कर्नाटकात किंवा पश्चिम महाराष्ट्रात फडावर असतात. दुकानदाराला हे पक्के ठाऊक असते, आणि पडताळणी हिवाळ्यापर्यंत रेंगाळावी यासाठी तो हरकती घेतो. सह्या गोळा करायच्या त्या टोळ्या परतल्यावर, उन्हाळ्यात. पडताळणीसाठी पावसाळ्याचे दोन महिने धरून पाठपुरावा करायचा. आणि मतदानाची तारीख कोणत्याही परिस्थितीत दसऱ्याच्या आत, मुकादमाच्या गाड्या गावात लागण्यापूर्वी, मागून घ्यायची.